पॅच पॅनेलवरची लाइन पुन्हा पुन्हा बिघडते? भिंत फोडायच्या आधी हे तपासा

पॅच पॅनेल म्हणजे भिंतींतून आलेल्या सगळ्या केबल जिथे एकत्र बांधलेल्या असतात ती रॅकमधली सॉकेटची पट्टी. आधी लक्षणं पाहू. खालच्यापैकी एखादं तुमच्या ऑफिसात किंवा दुकानात दिसत असेल, तर पुढचं तुमच्या कामाचं आहे.

– स्विच (सगळ्या संगणकांच्या केबल जोडणारा डबा) गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा, इंटरनेटचा प्लॅन मोठा, तरी एखाद्या टेबलावरचा संगणक १०० एमबीपीएसच्या वर जात नाही.
– लाइन दिवसातून दोन-चारदा तुटते आणि पिन जरा हलवली की परत येते.
– केबल टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात, पण मोठी फाइल पाठवली की लाइन अडखळते.
– केबलवरूनच वीज घेणारा कॅमेरा दिवसभर चालतो. अंधार पडून त्याचे दिवे लागले की बंद पडतो.
– इंटरकॉमवर खरखर येते, पावसाळ्यात जास्तच. नाहीतर शेजारच्या केबिनमधलं बोलणं आपल्या फोनवर ऐकू येतं.

नाशिक परिसरात सातपूर-अंबडचे कारखाने, कॉलेज रोडवरचे दवाखाने, शालिमारची दुकानं, पिंपळगावची द्राक्षांची पॅकहाउस, कुठेही जा, या तक्रारीसोबत एक वाक्य ठरलेलं असतं: "भिंतीतली केबल गेली वाटतं, नवीन टाकून द्या." माझा अनुभव वेगळा आहे. भिंतीतली केबल सहसा धड असते. बिघाड असतो तो दोन टोकांना, पॅनेलच्या मागे आणि भिंतीवरच्या बॉक्समध्ये, जिथे केबलचं कवच सोलून तारा खाचेत बसवलेल्या असतात. ती बोटभर जागा नीट नसेल तर नवीन केबल टाकूनही सहा महिन्यांनी तीच तक्रार येते, कारण हात तोच आणि पद्धत तीच. म्हणून सोप्यापासून सुरुवात करा आणि पायऱ्या गाळू नका.

एक पॉइंट की सगळे?

सगळे पॉइंट, म्हणजे भिंतीवरची सॉकेटं, एकदम गेले असतील तर पॅच पॅनेलला हात लावू नका. पॅनेलला स्वतःची वीज लागत नाही, त्यात चिप नसते, ते हँग होत नाही. त्यात फक्त तांबं आणि खाचा असतात. सगळं एकदम जातं तेव्हा दोष स्विचमध्ये, त्याच्या अडॅप्टरमध्ये किंवा राउटरमध्ये शोधायचा. शेजारशेजारचे चार-सहा पॉइंट एकत्र गेले असतील तर कुणीतरी रॅकमागचा जुडगा ओढलेला असतो. बहुतेकदा तो एसीवाला किंवा इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला आलेला माणूस असतो. फक्त एकच पॉइंट त्रास देत असेल तर पुढच्या पायऱ्या घ्या.

पॅच कॉर्ड बदला, दोन्हीकडची

एका लाइनला दोन पॅच कॉर्ड असतात: स्विच ते पॅनेल एक आणि भिंतीवरचा बॉक्स ते संगणक दुसरी. लोक टेबलाजवळची बदलतात आणि रॅकमधली विसरतात. दोन्ही बदला. कंपनीत तयार झालेली, चालू असलेल्या पॉइंटवरून काढलेली कॉर्ड लावा, म्हणजे ती चांगली आहे याची खात्री आधीच झालेली असते.

बरेच जण भिंतीत घालायच्या केबलचा उरलेला तुकडा घेतात, दोन टोकांना पिना क्रिंप करतात, म्हणजे टूलने दाबून बसवतात, आणि तीच पॅच कॉर्ड म्हणून वापरतात. भिंतीतल्या केबलची प्रत्येक तार एकसंध तांब्याची असते. ती एकदा बसवून न हलवण्यासाठी बनवलेली आहे. टेबलाखाली रोज पाय लागतो, खुर्चीचं चाक वरून जातं, आणि ती तार कवचाच्या आत मोडते. बाहेरून काहीच दिसत नाही. खऱ्या पॅच कॉर्डमधली तार बारीक केसांसारख्या अनेक तारांची असते, ती वाकणं सहन करते. 'पिन हलवली की चालू होतं' या तक्रारीचं मूळ मला सगळ्यात जास्त वेळा या घरगुती कॉर्डमध्येच सापडलं आहे.

कॉर्ड बदलून फरक पडला नाही तर स्विचवरचा पोर्टही बदलून पाहा. पैसा लागत नाही आणि मिनिटभरात एक शंका संपते.

आकडा वाचा

विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'लिंक स्पीड' दिसतो. तिथे १००० आहे की १००, ते बघा. हा आकडा म्हणजे केबलने दिलेला जबाब आहे.

केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, म्हणजे १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या तारा. गिगाबिटला चारही जोड्या, आठच्या आठ तारा लागतात. म्हणून गिगाबिटच्या स्विचवर, गिगाबिटच्या संगणकाला बरोबर १०० मिळत असतील, तर नारिंगी आणि हिरवी ठीक आहेत आणि निळी किंवा तपकिरी कुठेतरी तुटली आहे असं धरून चाला. काही उपकरणं अशा वेळी १०० वर उतरतात, काही लिंकच देत नाहीत. पण १०० दिसले तर शोध अर्ध्यावर येतो: पॅनेलच्या मागे निळ्या आणि तपकिरी तारांकडे आधी बघायचं.

इथे फोनचा संबंध येतो. डेटाच्या सॉकेटमध्ये फोनची लहान पिन बसते म्हणून लोक ती घालतात. फोन चालतोही, कारण फोनला मधली निळी जोडी, ४ आणि ५, पुरते. पण फोनच्या पिनेचे दोन्ही खांदे सॉकेटच्या कडेच्या १ आणि ८ क्रमांकाच्या सोनेरी तारा खाली दाबतात. पुढे त्याच सॉकेटला संगणक लावला की ८ नंबर नीट टेकत नाही आणि वेग १०० वर येतो. १ नंबर टेकला नाही तर लिंकच मिळत नाही. मोबाइलचा टॉर्च सॉकेटमध्ये मारून बघा: आठही तारा एका रेषेत दिसल्या पाहिजेत. कडेची एखादी खाली बसलेली दिसली तर सॉकेट बदला. सुईने वर उचलून काही दिवस चालेल, पण तिच्यातला ताण गेलेला असतो.

लेबल खरं आहे का?

पॅनेलवर १४ लिहिलंय म्हणून ते टेबल नंबर १४ असेलच असं नाही. ऑफिसची मांडणी बदलते, लेबल तेच राहतं. टोन सोडणारं यंत्र भिंतीच्या बॉक्सला लावा, पॅनेलमागे प्रोब (तो टोन पकडणारी कांडी) फिरवा आणि आवाज कुठे येतो ते ऐका. हे न करता चुकीची लाइन उपटून चालू असलेलं बिलिंग बंद पाडलेले लोक मी पाहिले आहेत.

डोळ्यांनी बघा

आता स्विचपासून ती लाइन सुटी करा आणि पॅनेलच्या मागे टॉर्च मारा. जोड्यांचे पीळ खाचेपर्यंत आलेले असले पाहिजेत. नियम असा की पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही, म्हणजे करंगळीच्या नखाएवढाच. पीळ शोभेसाठी नसतो. एका जोडीतल्या दोन तारा एकमेकींभोवती फिरतात म्हणून बाहेरचा गोंधळ दोघींना सारखा लागतो आणि पलीकडच्या टोकाला वजा होतो. पीळ उलगडला की ते संरक्षण गेलं. तीन-तीन इंच सरळ केलेल्या तारा पॅनेलमागे नुडल्ससारख्या पसरलेल्या दिसल्या की पुढचं काही न तपासता ते टोक मी पुन्हा बांधतो.

केबल टायही बघा. टाय बोटाने फिरला पाहिजे. करकचून आवळलेला असेल तर आतल्या जोड्या चपट्या होतात. केबल काटकोनात मोडलेली नको, तिच्या जाडीच्या चौपट त्रिज्येचं वळण तरी हवं.

टेस्टरचे दिवे

यावर मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो.

बाजारात मिळणारा स्वस्त टेस्टर एकच गोष्ट सांगतो: या टोकाची एक नंबरची तार त्या टोकाच्या एक नंबरला पोचली का, दोनची दोनला पोचली का. तार तुटली असेल किंवा क्रम चुकला असेल तर तो पकडतो. कोणती तार कोणत्या तारेसोबत पिळलेली आहे, हे त्याला कळत नाही.

समजा कुणी दोन्ही टोकांना रंग ओळीने लावले: नारिंगीची जोडी १-२ ला, हिरवीची ३-४ ला, निळीची ५-६ ला, तपकिरीची ७-८ ला. दिसायला व्यवस्थित. टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात. पण संगणक ३ आणि ६ यांना एक जोडी धरतो, ४ आणि ५ यांना दुसरी. आता ३ ची तार हिरव्या जोडीतली आणि ६ ची निळ्या जोडीतली आहे. एकमेकींभोवती न फिरणाऱ्या दोन तारांवरून सिग्नल जातोय आणि शेजारच्या तारांमध्ये सांडतोय. १० एमबीपीएसला चालून जातं, वेग वाढला की चुका वाढतात. याला फुटलेली जोडी म्हणतात. दिवे हिरवे, लाइन आजारी.

बरोबर क्रम असा. बी पद्धत: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. ए पद्धतीत नारिंगी आणि हिरवी यांची फक्त अदलाबदल होते. दोन्ही पद्धती तितक्याच चांगल्या, पण एका इमारतीत एकच हवी. एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी झालं तरी आजचे स्विच ते सांभाळून घेतात. फोनलाही काही कळत नाही, कारण निळी जोडी दोन्हीकडे ४-५ वरच राहते. म्हणून ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते आणि एखादं जुनं मशीन त्या पॉइंटवर आलं की उघडी पडते.

आणखी एक. हा १ ते ८ चा क्रम पिनेचा आहे. पॅनेलच्या मागच्या खाचा त्याच क्रमाने असतीलच असं नाही. तिथे पॅनेलवरच्या रंगांच्या स्टिकरप्रमाणेच जायचं. स्टिकरवर ए आणि बी अशा दोन ओळी असतात, त्यातली आपली ओळ शेवटपर्यंत सोडायची नाही.

पुन्हा पंच करा, पण नीट

इथपर्यंत येऊन दोष मिळाला नसेल किंवा टोक खराब दिसलं असेल, तर तो पॉइंट दोन्हीकडे नव्याने बांधा, म्हणजे टूलने तारा खाचेत नव्याने पंच करा. जुन्या तारा नुसत्या परत दाबू नका. तार एकदा खाचेत कापली गेली की त्या जागी बारीक झालेली असते. दोन इंच केबल कापा आणि ताज्या तांब्यापासून सुरुवात करा.

तारेवरचं रंगीत प्लास्टिक सोलायचं नाही. खाचेतली दोन पाती ते कापून तांब्याला स्वतः चावतात आणि त्या चाव्यात हवा-ओलावा शिरत नाही. सोललेली तार खाचेत सैल बसते. स्क्रूड्रायव्हरने कधीच दाबू नका. त्याचं टोक पात्यांपेक्षा जाड असतं, पाती एकदा फाकली की ती खाच कायमची गेली. तेव्हा लाइन चालू होते, माणूस खूश होऊन जातो आणि उन्हाळ्यात रॅक तापला, रात्री थंड झाला, असं काही महिने झालं की तार सैल पडते. पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारीमागे मला पॅनेलवर स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे कितीतरी वेळा दिसले आहेत.

पंचिंग टूलला एका बाजूला कापणारं पातं असतं. ती बाजू तारेच्या उरलेल्या शेपटीकडे हवी. उलटी धरली तर चालू तारच कापली जाते. पात्यांचे प्रकारही दोन: एक ११० चं, एक क्रोनचं. फोनच्या क्रोन मोड्यूलमध्ये, म्हणजे फोनच्या तारा जोडायच्या पट्टीत, पाती तिरकी असतात, तिथे ११० चं पातं मारलं तर खाच बिघडते. काही पॅनेलवर दोन्ही चालतात, तसं त्यावर लिहिलेलं असतं. एका खाचेत दोन तारा घालू नका.

पिंपळगावकडच्या एका पॅकहाउसमधला पॉइंट मी तीन हंगाम सलग बांधला. वजनकाट्याजवळचा. दर फेब्रुवारीत फोन यायचा. तिसऱ्या वर्षी पॅनेल उलटं करून भिंग धरलं तेव्हा खाचांच्या कडेला हिरवट भुकटी दिसली. भिंतीवरचा छोटा रॅक प्रीकूलिंगच्या, म्हणजे द्राक्षं गार करायच्या खोलीच्या, दाराला लागून होता. दार उघडलं की दमट गार हवा त्यावर यायची. शेजारीच द्राक्षांच्या पेट्यांत घालायचे, सल्फर डायऑक्साइड सोडणारे कागद उघडे ठेवलेले. ओलावा आणि तो वायू एकत्र आले की तांबं गंजतं. मी कितीही नेटकं पंच केलं असतं तरी पुढच्या हंगामात तेच झालं असतं. रॅक ऑफिसच्या भिंतीवर हलवला, पॅनेल नवीन घातलं, काट्याजवळ झाकणाचा बॉक्स बसवला. त्यानंतर तिथून फोन आलेला नाही. तोच पॉइंट दोनदा बिघडला तर तिसऱ्यांदा टूल हातात घेण्याआधी आजूबाजूला काय आहे ते बघा.

भिंतीवरच्या बॉक्सचंही तेच. दिवाळीआधी रंगकाम झालं आणि त्यानंतर पॉइंट गेला असेल तर सॉकेटमध्ये रंगाचा थेंब शोधा. तो खरवडत बसू नका, सॉकेट बदला.

केबलच खोटी असेल तर

दोन्ही टोकं नीट बांधली आणि तरी लक्षणं तीच, तर आता केबलकडे बघू. कापलेल्या तुकड्यातली एक तार घ्या आणि ब्लेडने खरवडा. आत पांढरं चकाकलं तर ते ॲल्युमिनियम आहे, वर तांब्याचा नुसता मुलामा. अशी केबल स्वस्त मिळते म्हणून घातली जाते. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या साधारण दीडपट असतो. कॅमेऱ्याला वीज त्याच तारांतून जाते, म्हणून रात्री दिवे लागून वीज जास्त खेचली की टोकाला व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बंद होतो.

मल्टिमीटर असेल तर खात्री करता येते. दोन्ही टोकं सुटी करा, एका टोकाला एका जोडीच्या दोन्ही तारा एकत्र पिळा आणि दुसऱ्या टोकाला ओम मोजा. ५० मीटरच्या तांब्याच्या केबलला जाऊन-येऊन साधारण ९ ओमपर्यंत उत्तर यायला हवं. चारही जोड्यांचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. सगळे आकडे चढे असतील तर केबल खोटी किंवा फार लांब आहे. एकाच जोडीचा चढा असेल तर त्या जोडीचं टोक नीट बसलेलं नाही.

लांबीची मर्यादाही लक्षात ठेवा: पॅनेल ते भिंतीचा बॉक्स ९० मीटर, आणि दोन्ही कॉर्ड धरून १००. अंबडला शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला केबल सहज याच्या पुढे जाते. तिथे पंचिंगने काही होणार नाही. मध्ये स्विच हवा किंवा फायबर हवं.

फोनची खरखर

फोनसाठी वेगळी परीक्षा: साधा, बॅटरी न लागणारा फोन घेऊन क्रोन मोड्यूलवर, लाइन आत येते तिथेच लावून ऐका. तिथे खरखर असेल तर दोष तुमच्या वायरिंगच्या आधीचा आहे. तिथे स्वच्छ असेल तर पुढचा टप्पा, मग त्याच्या पुढचा.

दुसऱ्याचं बोलणं ऐकू येत असेल तर पुन्हा तीच फुटलेली जोडी. इंटरकॉमच्या दहा जोड्यांच्या केबलमध्ये पहिल्या पाच जोड्यांची एक तार पांढरी असते आणि बऱ्याच केबलींत ती नुसतीच पांढरी असते, पट्टा नसलेली. कवच हातभर सोललं आणि पीळ सुटले की पाच पांढऱ्या तारांपैकी निळ्याची कोणती आणि नारिंगीची कोणती हे सांगता येत नाही. मग अंदाजाने लावल्या जातात. सोलण्याआधीच जोड्या मोजून घ्या आणि प्रत्येक जोडीच्या टोकाला सैल गाठ मारा.

फोनच्या लाइनवर वीज असते हे विसरू नका. बाहेरून येणाऱ्या तांब्याच्या लाइनवर फोन ठेवलेला असताना साधारण ४८ व्होल्ट डीसी, आणि घंटी वाजताना ७० ते ९० व्होल्ट एसी. ओल्या हाताने तारा धरल्या आणि त्याच क्षणी कुणी फोन केला तर जोरात झटका बसतो. आणि अशी लाइन चुकून स्विचच्या पोर्टला लागली तर पोर्ट जाऊ शकतो.

इथे थांबा, माणूस बोलवा

रॅकच्या लोखंडाला हात लावल्यावर मुंग्या आल्या किंवा झिणझिणलं, तर लगेच थांबा. तो अर्थिंगचा प्रश्न आहे, त्याला परवानाधारक इलेक्ट्रिशियनच हवा. डेटाची केबल आणि विजेची वायर एकाच पाइपातून गेलेली दिसली तरीही तसंच, ती ओढू नका.

टेलिफोन कंपनीचा बॉक्स आणि बाहेरून त्यात येणारी लाइन त्यांची आहे, ती उघडू नका, तक्रार नोंदवा. इंटरकॉमच्या मुख्य मशीनची कार्डं, फायबर आणि शेडच्या छताखालची चढाईही तज्ज्ञांवर सोडा.

पॅनेल पुराच्या पाण्यात बुडालं असेल तर वाळवण्यात वेळ घालवू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदेला पूर आला, त्यानंतर पंचवटीकडच्या दुकानांत मी हेच सांगत फिरलो. वाळवलेलं पॅनेल दोन-तीन आठवडे चालतं, मग एकेक पॉइंट जायला लागतो. पाणी केबलच्या कवचातही आतवर चढलेलं असतं, किती चढलं ते कापून बघावं लागतं.

आणि दोन्ही टोकं नव्याने बांधून, कॉर्ड बदलून, ओम मोजूनही लाइन अडखळत असेल तर ज्याच्याकडे केबल सर्टिफाय करणारं मशीन आहे अशाला बोलवा. ते मशीन फुटलेली जोडी पकडतं आणि दोष कितव्या मीटरला आहे तेही सांगतं. त्याला फोन करताना एवढं सांगा: पॉइंटचा नंबर, लिंक स्पीड किती दिसतो, पॅनेलवर ए आहे की बी, काय काय बदलून पाहिलं आणि त्रास कोणत्या वेळेला होतो. एवढं आधी कळलं की त्याला काय सामान घेऊन यायचं ते तिथूनच ठरवता येतं.